वाचक विचारतात : बागेतल्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे?

उद्यानांतील स्वच्छतागृहांविषयी या सदराकडे आलेली पत्रे बरेच दिवस साठत होती. एखाददुसऱ्या पत्राला उत्तर देऊन भागण्यासारखा हा विषय नसल्यामुळे या अंकात ती एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे सांगली आणि मिरजेची असून एक साताऱ्याचे आहे. उद्यानांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण पत्रांतील वर्णने एकमेकांशी इतकी जुळतात की एका बागेचे नाव छापल्यास बाकीच्या सुटल्यासारख्या होतील. प्रस्तुत लेखकाची नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांत गेली, त्यामुळे उत्तरांत नळ, ट्रॅप आणि टाक्या यांचा भरणा थोडा अधिक झाला असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घराजवळच्या उद्यानात रोज पहाटे साडेपाचपासून आठपर्यंत शंभर-सव्वाशे माणसे फिरायला येतात. त्यांत निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेली आहेत आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा थोड्या जास्तच आहेत. मागच्या भिंतीला लागून स्वच्छतागृह आहे. महिलांच्या बाजूला तीन शौचालये आहेत. त्यांतील दोहोंना कायम कुलूप असते आणि तिसऱ्याला आतून कडी नाही, त्यामुळे एकीने आत जायचे आणि दुसरीने दार धरून उभे राहायचे, असा आमचा रिवाज पडला आहे. छतावर ५०० लिटरची टाकी आहे, ती संध्याकाळी भरतात. पण सकाळी सातच्या सुमारास नळ कोरडा पडतो. ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असलेल्या खोलीत खराटे आणि ब्लीचिंग पावडरची पोती ठेवली आहेत. माळीबुवांना विचारले की ते म्हणतात, ‘आमचे काम झाडांचे’. पहारेकरी म्हणतो, ‘किल्ली मुकादमाकडे’. मुकादम म्हणतो, ‘मक्तेदाराला विचारा’. चार वेळा तोंडी तक्रार करून झाली. आता असे ऐकतो, की हे पाडून नवे बांधणार आहेत. आम्ही आनंद मानावा काय, आणि तोवर नेमके कोणाला काय लिहावे?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आनंद मानण्याची घाई करू नये, असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. आपण ज्या इमारतीचे वर्णन केले आहे, तिच्यात इमारत म्हणून फारसा दोष दिसत नाही. भिंती उभ्या आहेत, छत गळत असल्याचा उल्लेख नाही, भांडी फुटलेली नाहीत. बिघडले आहे ते एवढेच: दोन कुलपे, एक कडी, एक टाकी आणि कोणाचेच नसलेले एक काम. यांतील एकही गोष्ट नवी इमारत बांधल्याने आपोआप सुटत नाही. तीन शौचालयांना पाणी पुरत नसताना सहा बांधली, तर पाणी नसलेली सहा शौचालये तयार होतील, इतकेच.

प्रथम कायदा पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ६३ मध्ये महानगरपालिकेची अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत आणि सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि त्या स्वच्छ ठेवणे यांचा त्यांत समावेश आहे. सार्वजनिक उद्याने मात्र कलम ६६ मधील ऐच्छिक बाबींत येतात. बाग ऐच्छिक आणि बागेतील मुतारी अनिवार्य, हा क्रम अनेकांना उलटा वाटेल. पण आपण अर्ज लिहाल तेव्हा तो आपल्या उपयोगी पडणारा आहे. निधी नाही, मनुष्यबळ नाही ही सबब फुलांच्या ताटव्याबाबत ऐकून घेता येईल, शौचालयाबाबत ती तितक्या सहज ऐकून घेण्याचे कारण नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीतही, उद्यानांची नोंद बारावी आणि सार्वजनिक सोयींची नोंद सतरावी, अशी ती वेगवेगळीच आहे.

हे वेगळेपण कागदावर योग्य असले, तरी प्रत्यक्षात तेच आपल्या मुळावर आले आहे. बागेतील स्वच्छतागृह बांधतो बांधकाम विभाग, त्याला पाणी देतो पाणीपुरवठा विभाग, दिवा लावतो विद्युत विभाग, मैलावाहिनी पाहतो जलनिस्सारण विभाग, झाडलोट करतो आरोग्य विभाग किंवा त्याचा मक्तेदार, आणि ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे ती सांभाळतो उद्यान विभाग. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो. हा तर सहा घरचा आहे. माळीबुवा आपल्याशी खोटे बोलले नाहीत. पहारेकरी आणि मुकादमही बहुधा खरेच बोलले असतील. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी खरे आहे आणि म्हणूनच कुलूप निघत नाही.

नव्या बांधकामाची ओढ का असते, हेही समजून घ्यावे. बांधकाम हा भांडवली खर्च आहे. त्याला योजनेतून निधी मिळू शकतो, निविदा निघते, काम संपल्याचा दाखला मिळतो आणि दर्शनी भिंतीवर कोनशिला बसते. वायसर बदलणे, टाकी धुणे, दोन वेळा झाडणाऱ्या माणसाला पगार देणे हा महसुली खर्च आहे. तो दरवर्षी, दरमहा करावा लागतो आणि त्याची कोनशिला कोणी बसवत नाही. नोकरीत असताना नव्या कामाच्या शुभारंभाला जाण्याचे प्रसंग मला बरेच आले. नळाची गळती थांबल्याबद्दल नारळ फुटलेला मी एकदाही पाहिला नाही.

आता पाण्याचा हिशेब. आपल्या १२० माणसांपैकी निम्म्यांनीच स्वच्छतागृह वापरले आणि प्रत्येकाला भांड्यात ओतण्यासाठी व हात धुण्यासाठी मिळून आठ लिटर पाणी लागले, असे धरू. ६० जणांचे ४८० लिटर होतात. ५०० लिटरच्या टाकीत फरशी धुण्यासाठी जेमतेम वीस लिटर उरले. शिवाय टाकी संध्याकाळी भरत असल्याने रात्रभराची गळती वेगळी. एखादा नळ मिनिटाला चहाच्या कपाएवढे, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी गाळत असेल, तर बारा तासांत ७२ लिटर पाणी कोणीही न वापरता निघून जाते. याचा अर्थ नळ सातला कोरडा पडण्यात काहीच गूढ नाही. टाकी अपुरी आहे आणि बहुधा गळतही आहे. १००० लिटरची टाकी, नवे नळ आणि पहाटे पाणी भरण्याची सोय यांचा खर्च नव्या इमारतीच्या तुलनेत किरकोळ ठरेल. आपल्या अर्जात पहिली मागणी हीच असावी.

अर्ज एकच लिहावा आणि तो आपल्या प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे असावा. आरोग्य व उद्यान विभागांना प्रती द्याव्यात. ‘स्वच्छतागृहाची दुरवस्था झाली आहे’ असे वाक्य लिहू नये, कारण त्याला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी अमुक तारखेला सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी नळाला पाणी नव्हते, महिलांच्या बाजूचे पहिले व दुसरे शौचालय कुलूपबंद होते, तिसऱ्याला कडी नाही, असे सात दिवसांचे टिपण जोडावे. मागण्या चारच ठेवाव्यात: कुलपे काढणे, कडी बसवणे, पाणी पुरेसे करणे आणि या जागेसाठी जबाबदार असलेल्या एका कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा व दूरध्वनी क्रमांक दारावर लिहिणे. चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुधा तीच सर्वांत उशिरा मान्य होईल. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आपल्या चार तोंडी तक्रारी दप्तराच्या दृष्टीने झालेल्याच नाहीत, हे थोडे कटू वाटेल, पण तसेच आहे. केंद्र शासनाच्या ‘स्वच्छता’ ॲपवरही सार्वजनिक शौचालयाची सफाई, तेथे पाणी नसणे, दिवा नसणे अशा तक्रारी छायाचित्रासह नोंदवता येतात. तीही करावी, मात्र कागदी अर्जाच्या जोडीने करावी, त्याच्याऐवजी नव्हे.

महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास किंवा असमाधानकारक वाटल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून त्यात शहराच्या आरोग्यावर निबंध लिहू नये. मक्तेदाराशी झालेल्या कराराची प्रत, दिवसातून किती वेळा सफाई करण्याचे ठरले आहे, मागील सहा महिन्यांची हजेरीपत्रके, अदा केलेली देयके आणि काम न झाल्याबद्दल कापलेली दंडाची रक्कम, एवढेच मागावे. करारात दिवसातून तीनदा सफाई लिहिलेली आहे, असे ज्या दिवशी आपल्या हाती येईल, त्या दिवसापासून आपले बोलणे विनंतीचे न राहता हिशेबाचे होईल. याच अधिनियमाने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क दिलेला आहे, तो फार थोडे लोक वापरतात.

आणखी एक दाखला जोडता येईल. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी विभागात शहरांना हागणदारीमुक्त (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘ओडीएफ’), त्यापुढे ‘ओडीएफ प्लस’, त्यापुढे ‘ओडीएफ प्लस प्लस’ असे दर्जे दिले जातात. त्यांतील ‘ओडीएफ प्लस’साठी सार्वजनिक शौचालये केवळ बांधलेली असून चालत नाही, ती चालू आणि नीट राखलेली असावी लागतात. कुलूपबंद शौचालय हे या मोजपट्टीवर शौचालयच नव्हे, हे अर्जात नम्रपणे लिहावे.

दिव्यांगांच्या खोलीबाबत दोन शब्द. पोती बाहेर काढल्याने काम संपेल असे समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर अशा सोयी सुगम असणे बंधनकारक झाले आहे आणि सुगमतेची मापे ठरलेली आहेत: उताराचे प्रमाण १ः१२, दाराची मोकळी रुंदी सुमारे ९०० मिलिमीटर, आत चाकाची खुर्ची फिरवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची जागा. दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन मीटरच्या आतच तो संपवलेला असतो आणि त्यावरून खुर्ची चढवण्यासाठी दोन धट्टीकट्टी माणसे लागतात. टेप घेऊन एकदा मोजून पाहावे.

कडीचे काय, असे आपण विचारलेले नाही, पण मनात आले असेल. हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणून आपल्या गटाने ती बसवली, तर माझी हरकत नाही. फक्त अर्जावर शिक्का आधी घ्यावा आणि कडी नंतर बसवावी.

प्रश्न : आमच्या बागेत सफाई रोज होते, हे मी स्वतः पाहिले आहे. फिनेल टाकतात, आठवड्यातून दोनदा ॲसिडही ओततात, तरीही दहा पावलांवरून वास येतो. दोष सफाई कामगाराचा, की वापरणाऱ्यांचा?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

उत्तर : आपल्या वर्णनावरून पाहता दोष दोघांचाही कमी आणि बांधणीचा अधिक दिसतो. ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा वास त्याचा असतो. यासाठी लघवी कोठेतरी साचून राहावी लागते, आणि ती साचते फरशांच्या सांध्यांत, खडबडीत सिमेंटात, भांड्यामागच्या फटीत. ॲसिडने पिवळे थर निघतात हे खरे, पण तेच ॲसिड सांध्यातील सिमेंटही खाते. आठवड्यातून दोनदा ॲसिड ओतल्यास वर्षभरात सांधे पोकळ होतात, त्यांत अधिक लघवी मुरते, वास वाढतो, म्हणून आणखी ॲसिड ओतले जाते. फिनेल वासावर वास चढवते. मुळाला हात लावत नाही. साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश यांनी रोज घासणे, आणि वर भरपूर पाणी मारणे, एवढेच खरे औषध आहे. मात्र त्यासाठी पाणी हवे.

वासाचे दुसरे कारण कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक भांड्याखाली आणि नहाणीच्या जाळीखाली वाकडा नळ, म्हणजे ट्रॅप असतो. त्या वाकात दोन इंचांच्या आसपास पाणी साठून राहते आणि तेच मैलावाहिनीतील वायू वर येऊ देत नाही. शौचालय काही आठवडे कुलूपबंद राहिले, की सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात हे पाणी सुकून जाते आणि मैल्याच्या टाकीतील वायूला थेट वाट मिळते. वापरात नसलेले शौचालय वापरात असलेल्यापेक्षा अधिक घाण मारते, याचे कोडे अनेकांना पडते, त्याचे उत्तर हे आहे. ‘खराब होऊ नये म्हणून बंद ठेवले आहे’ असे सांगितले जाते तेव्हा प्रत्यक्षात ते बंद ठेवूनच खराब केले जात असते. आपल्या बागेत एखादे दार बंद असेल, तर ते उघडून ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतायला सांगावे. दुसऱ्या दिवशी फरक कळेल. त्याचबरोबर छताजवळची जाळीची खिडकी फ्लेक्सने झाकलेली नाही ना, हेही पाहावे. वाढदिवसाचे फ्लेक्स संपल्यावर कोठे जातात, याचे एक उत्तर मला बागांतील खिडक्यांवर सापडले आहे.

एक गोष्ट मात्र कामगारांना आजच सांगावी. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी, एकाच भांड्यात कधीही टाकू नये. त्यांतून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फुफ्फुसांना गंभीर इजा करतो. ‘दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होते’ हा समज अनेक ठिकाणी पक्का बसलेला आहे. कामगारांना हातमोजे, बूट आणि मुखपट्टी मिळते का, हेही त्याच वेळी विचारावे.

प्रश्न : आमची बाग नदीपासून जवळ आहे. महापुरानंतर तेथील शौचालयाची टाकी सारखी तुंबते आणि पाणी उलटे वर येते. प्रशासनाची गाडी येत नाही. आमच्या मंडळाची मुले धाडसी आहेत. झाकण काढून आत उतरून आम्हीच गाळ काढावा, असा विचार आहे. टाकीचे झाकण सापडत नाही, कारण तेथे आता कर्दळीचा वाफा आहे. मार्गदर्शन करावे.
— एका तरुण मंडळाचा कार्यकर्ता, सांगली

उत्तर : आत कोणीही उतरू नये. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात व प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. अशा दुर्घटनांत एकाच वेळी दोन-तीन जण जातात, ते याच कारणाने. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवण्यास बंदी केलेली आहे आणि ते काम देणारा गुन्हेगार ठरतो. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. न्यायालयाला हा आकडा वाढवावा लागला, यावरून प्रश्न किती जुना आहे ते समजावे. आपल्या मुलांचे धाडस पुराच्या वेळी नावांवर कामी आले असेल. येथे त्याचा उपयोग नाही.

टाकी तुंबण्याचे कारण आपल्या पत्रात अर्धे आलेच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेने सांगलीत काय केले, ते येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरात टाकी बाहेरून भरते आणि पाणी ओसरताना आत गाळ सोडून जाते. मैला काही अंशी कुजून कमी होतो, नदीचा गाळ कुजत नाही; तो उपसूनच काढावा लागतो. त्यात आपल्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमिनीखालच्या नळांचे सांधे निखळतात आणि नळाला पोट येते, म्हणजे तो मध्येच खाली बसतो. टाकी रिकामी असूनही भांड्यातून पाणी मागे येत असेल, तर दोष टाकीत नसून मधल्या नळात असण्याची शक्यता मोठी आहे.

एरवी अशी टाकी दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसावी लागते. पुरानंतर लगेच, जमीन पाण्याने फुगलेली असताना मात्र ती पूर्ण रिकामी करू नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाऊ शकते किंवा तिला तडे जातात. भूजल उतरू द्यावे आणि मग उपसावे. मंडळाने करण्याजोगे काम वेगळे आहे. कर्दळीचा वाफा उद्यान विभागाच्या परवानगीने हलवून झाकण मोकळे करून द्यावे आणि गाडी आत येईल एवढी वाट ठेवावी, पण झाकण उघडण्याचे काम यंत्र घेऊन येणाऱ्या माणसांवर सोडावे. गाडी येत नाही याचे एक कारण ‘झाकणच सापडत नाही’ हे असते आणि ते खरेही असते. टाकीच्या व्हेंट पाइपच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळाच्या, तोंडाला बारीक जाळी बांधणे हेही मंडळाला सहज जमेल; डासांचा एक मोठा कारखाना त्याने बंद होतो.

प्रश्न : बागेलगतच्या ‘पैसे द्या व वापरा’ स्वच्छतागृहात मुलगे लघवीला फुकट जातात आणि आम्हा मुलींकडून पाच रुपये घेतात. विचारले तर ‘तुम्ही शौचालय वापरता, मुतारी नाही’ असे उत्तर मिळते. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : उत्तर देणाऱ्याने आपला मुद्दा स्वतःच सांगून टाकला आहे. स्त्रियांसाठी वेगळी मुतारी बांधलीच नाही, म्हणून त्यांना शौचालयात जावे लागते, आणि शौचालयात जातात म्हणून पैसे द्यावे लागतात. न बांधल्याचा भुर्दंड जिच्यासाठी बांधले नाही तिच्यावर पडतो. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ या नावाने जी चळवळ सुरू झाली, तिची एक मुख्य मागणी हीच होती, की लघवीसाठी स्त्रियांकडून पैसे घेऊ नयेत. आपण दरफलक कोठे लावला आहे, ते विचारावे आणि कराराची प्रत मागावी. करारात लघवीसाठी शुल्क लिहिलेले नसेल, तर घेतलेले पाच रुपये बेकायदा आहेत. लिहिलेले असेल, तर ते बदलण्याची मागणी आपल्या महाविद्यालयातील मुलींच्या सह्यांनी करावी. शौचासाठी माफक शुल्क घेऊन जागा स्वच्छ राहत असेल, तर मला त्यात गैर वाटत नाही. लघवीसाठी मात्र कोणाकडूनच घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : साताऱ्यात महानगरपालिका नाही, नगरपरिषद आहे. आम्हाला हेच नियम लागू होतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अधिनियम वेगळा आहे, कर्तव्य तेच. नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आहे आणि त्याच्या कलम ४९ मध्ये सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या यांचा समावेश बंधनकारक कर्तव्यांत केलेला आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. माहितीच्या अधिकाराची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. उताराच्या गावात टाकीपर्यंत पाण्याचा दाब पोहोचतो की नाही, हे तेवढे अधिक पाहावे.

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी घेते, तिने लघवी जास्त होते. बागेत सोय नसल्याने फिरायला जाण्याआधी दोन तास पाणीच पीत नाही, आणि गोळीही कधी कधी दुपारवर ढकलते. असे करणाऱ्या आमच्यात पाच-सहा जणी आहेत. शिवाय अशा जागी बसल्याने रोग लागतात, असे सून म्हणते.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नये, डॉक्टरांना कारण स्पष्ट सांगावे, ते वेळ बदलून देऊ शकतात. पुष्कळ स्त्रिया हे कारण डॉक्टरांपुढे सांगायला लाजतात, असे मला एका डॉक्टर मित्राने सांगितले. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून धरणे, या दोन्हींनी मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्यास मुतखड्याचाही. सुनेची भीती अनाठायी नाही, पण तिची दिशा थोडी चुकते. बसण्याच्या जागेवरून रोग लागणे दुर्मीळ असते. रोग लागतो तो हातांतून: कडी, नळ, बादलीचा कान यांना लागलेले हात तसेच तोंडाकडे गेले, की जुलाब आणि कावीळ यांची वाट मोकळी होते. म्हणून नळाला पाणी आणि साबण असणे हे चकचकीत फरशीपेक्षा महत्त्वाचे आहे. तोवर पिशवीत साबणाची वडी ठेवावी. आपण पाच-सहा जणी आहात, ही गोष्ट मात्र वर निवृत्त शिक्षिकांना सुचवलेल्या अर्जासारख्या अर्जात जरूर लिहावी. बंद कुलपामुळे बायका औषध चुकवतात, हे वाक्य दप्तरात नोंदले गेले पाहिजे.

प्रश्न : आमच्या फिरणाऱ्यांच्या गटाने प्रस्ताव दिला आहे, की किल्ली आमच्याकडे द्यावी, आम्ही वर्गणी काढून एक बाई ठेवू आणि स्वच्छतागृह छान राखू. अधिकारी तयार आहेत. आपले मत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, तरी मी या प्रस्तावाच्या विरुद्ध मत देईन. असे एक स्वच्छतागृह मी पाहिले आहे. ते खरोखर छान होते, आरसाही होता, आणि सकाळी साडेआठनंतर त्याला कुलूप असे. बागेच्या फाटकाशी गजरे विकणारी बाई दिवसभर तेथेच बसते, बागेत झाडणाऱ्या बायका दुपारपर्यंत असतात, मिरजेच्या दवाखान्यांत रुग्ण घेऊन कर्नाटकातून आलेले नातेवाईक दुपारी झाडाखाली डबा उघडतात. यांपैकी कोणीही आपल्या गटात नाही, आणि त्यांनी किल्ली मागायला आपल्यापैकी कोणाच्या घरी जावे, हे त्यांना माहीतही नसते. वर्गणी जरूर काढा. तीतून साबण, दिवे, कडी, आरसा द्या, देखरेखीची वही ठेवा, रोज सकाळी तिच्यात वेळ आणि शेरा लिहा. किल्ली मात्र फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे राहू द्या, आणि बाग उघडताना दार उघडायचे व बाग बंद करताना लावायचे, हे त्याच्या कामाच्या यादीत लेखी घालून घ्या.